गावाच्या राखणीची कुळकथा

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात गावच्या शिवेवरल्या देवचाराला राखणदार म्हणतात. खांद्यावर कांबळ, हातात काठी, पायांत जाड चामडी वहाणा. रात्री तो शीव फिरतो, वाट चुकलेल्याला घराकडे आणून सोडतो, अशी श्रद्धा. वेताळ या देवाला वहाणा वाहतात त्या याच समजुतीने. वाहिलेल्या जोडाचा तळ झिजला, म्हणजे देव गावासाठी रात्रभर चालला. तालुक्यातल्या पार्से-मांद्रे भागात पोलिसांची गस्त येण्याच्या कितीतरी आधी राखणीची ही कल्पना रुजलेली होती. ती अशी, की राखणारा पायी फिरतो आणि गावातल्या प्रत्येकाला ओळखतो.

प्रत्यक्षात जागणारे मात्र वेगळे होते. कोकणातल्या गावगाड्यात शीव राखणं, निरोप पोचवणं, चोराचा माग काढणं ही कामं महारांच्या माथी होती. ज्यांच्या भरवशावर गाव निजायचं, त्यांनाच गावाबाहेर राहावं लागे. हा अन्याय झाकून ही कुळकथा सांगता येत नाही.

1788 मध्ये पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेलं. पुढे पोर्तुगालात 1836च्या प्रशासकीय कायद्याने गावपातळीवर रेजिदोर हे पद आणलं आणि कालांतराने ते गोव्यातही आलं. रेजिदोर बहुधा गावातलाच वजनदार माणूस असे. हुकूम तालुक्याच्या आदमिनिस्त्रादोरचा, म्हणजे प्रशासकाचा, आणि हाताखाली काब हे शिपाई. माडावरचे नारळ कुणी उतरवले, कुणाची गुरं कुणाच्या शेतात शिरली, दारू पिऊन कोण कुणाच्या अंगावर गेला, असली भांडणं आधी त्याच्या कानावर जात. रहिवासाचा आणि गरिबीचा दाखलाही तोच देई. या दाखल्याला आतेश्ताद म्हणत. दाखला द्यायचा तर माणूस ठाऊक हवा. माझ्या मते त्याचा खरा दरारा छडीपेक्षा या ओळखीत होता.

पण हीच ओळख पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत घातक ठरली. अमक्याच्या घरी रात्री कोण पाहुणा उतरला, ही बातमी चोर पकडायला जितकी उपयोगी, तितकीच स्वातंत्र्यसैनिक पकडायलाही. 15 ऑगस्ट 1954 रोजी याच तालुक्यातल्या तेरेखोल किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला, तेव्हा सरकारच्या कानाशी असलेल्या माणसाची गावाला किती धास्ती असेल! 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, 1962 मध्ये पंचायती आल्या आणि पुढे रेजिदोर इतिहासजमा झाला. दाखले पंचायतीकडे गेले, चोऱ्या पोलीसठाण्याकडे.

पायी फिरणाऱ्या राखणीचा विचार गोव्याबाहेरही झाला. किरकोळ गुन्ह्यांकडे दुर्लक्ष केलं की मोठे गुन्हे माजतात, हा विचार जगभर गाजला तो जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांच्या 1982 मधल्या लेखामुळे. त्यामागे अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरातला पायी गस्तीचा प्रयोग होता. पायी गस्तीने तिथले गुन्हे फारसे घटले नाहीत; पण पोलीस रोज दिसू लागल्याने लोकांना रस्ता सुरक्षित वाटू लागला. पुढे न्यूयॉर्कने या विचारातली धरपकड उचलली, रस्त्यात अडवून झडत्यांचा सपाटा लावला, आणि 2013 मध्ये न्यायालयाने तो प्रकार घटनाबाह्य ठरवला. ओळख नसलेल्या हातात सत्ता गेली, की असं होतं.

आज पार्स्यापासून जवळच्या किनारपट्टीवर भाड्याच्या खोल्या वाढल्या आहेत. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते. फॉर्म भरला जातो, फोटो चिकटवला जातो. तो चेहरा वाड्यावर ओळखणारा शिपाई मात्र हवा. मला बीटवरचा पायी फिरणारा शिपाई कॅमेऱ्याच्या खांबापेक्षा मोलाचा वाटतो, आणि त्याची वारंवार बदली होऊ नये असंही वाटतं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने किरकोळ चोऱ्यांसाठी एक चांगली वाट उघडली आहे. चोरी 5000 रुपयांच्या आतली, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. स्वस्तातला मोबाईल उचलणाऱ्या पोराला तुरुंगातल्या सराईतांच्या संगतीला धाडण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. मात्र सेवा कोणती, हे न्यायालयाला सुचवायला कुणीतरी हवं. तळ्याचा गाळ, शाळेचं कुंपण, रस्त्याकडेची गटारं, किनाऱ्यावरचा कचरा: पेडण्यातल्या पंचायतींनी अशा कामांची यादी करून द्यावी, आणि काम झालं की नाही हे पाहायला वाड्यावरचाच माणूस नेमावा.