रचलेली भाषा कोणाची?

भाषा रचण्याचा छंद असलेल्या मंडळींत नवा माणूस आला की त्याला ठरावीक प्रश्न विचारले जातात. शब्द एखाद्या जुन्या भाषेवरून घेतलेस की सगळे मनाने घडवलेस? व्याकरण खरोखर तुझे आहे की मातृभाषेचेच? नमुन्यादाखल बायबलमधली बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट भाषांतरित करून झाली का? अशा रचलेल्या भाषेला ते ‘कॉनलँग’ म्हणतात. प्रश्न आजचे वाटतात, पण त्यांतले बहुतेक कुणाच्या तरी जुन्या, बऱ्याचदा फसलेल्या खटाटोपातून आलेले आहेत. एक प्रश्न मात्र नवख्याला सहसा कुणी विचारत नाही, आणि भांडणे सर्वांत जास्त झाली ती त्याच्यावरूनच. भाषा रचणाऱ्याची की बोलणाऱ्याची? या प्रश्नाचा माग काढायला आपल्याला बाराव्या शतकातल्या जर्मनीत, ऱ्हाइनकाठच्या एका मठात जावे लागते.

तिथली मठाधिपती बिंगेनची हिल्डेगार्ड. संगीतरचना, वैद्यक, दृष्टान्तांचे ग्रंथ अशा अनेक गोष्टींत तिचा हात होता. तिच्या ‘अज्ञात भाषे’चा सुमारे हजार शब्दांचा कोश टिकला आहे. तो ‘आइगोन्झ’ म्हणजे ईश्वरापासून सुरू होतो, मग देवदूत, माणसे, नातीगोती, शरीराचे अवयव, कपडे, झाडे, पक्षी असे करत किड्यामुंग्यांपर्यंत उतरतो. पण ही जवळपास सारी नामेच. वाक्यात ती बसवली की भोवतालचे व्याकरण लॅटिनचे. आजचे जाणकार अशा रचनेला ‘रेलेक्स’ म्हणून नाक मुरडतात. शब्द नवे, सांगाडा जुनाच. आपल्या शाळकरी पोरांची च-ची भाषा, ‘कुठे’चे ‘चठेकु’ करणारी, तिच्यात तर शब्दही जुनेच. तरी वर्गात मास्तरांसमोर ती बोलण्यातली मजा ज्यांनी अनुभवली आहे, त्यांनी हिल्डेगार्डला फार नावे ठेवू नयेत.

पुढची काही शतके ओलांडून आपण सतराव्या शतकात येतो, तेव्हा हेतूच पालटलेला दिसतो. आता विद्वानांना निर्दोष भाषा हवी होती. रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी जॉन विल्किन्स यांनी १६६८ मध्ये भला थोरला ग्रंथ काढला. त्याआधी १६६६ च्या लंडनच्या आगीत त्याची हस्तलिखिते आणि छापलेले फर्मे जळून गेले होते. गृहस्थाने चिकाटीने पुन्हा काम उभे केले. सगळ्या विश्वाची त्यांनी चाळीस वर्गांत विभागणी केली आणि शब्दाच्या अक्षरांतूनच वस्तूचा वर्ग कळावा अशी योजना केली. ‘दे’ म्हणजे मूलतत्त्व, ‘देब’ म्हणजे त्यातला अग्नी, ‘देबा’ म्हणजे अग्नीची ज्वाला. कुठल्याही भाषेचा आधार न घेता मुळापासून शब्द घडवण्याच्या या पद्धतीला छांदिष्ट आजही ‘अ प्रायोरी’ म्हणतात. ही भाषा रूढ झाली नाही. एक अक्षर चुकले तर आगीचे भलतेच काही होणार, हे उघड आहे. मात्र पीटर रॉजे यांनी १८५२ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी थिसॉरस काढला, त्याच्या पूर्वसूरींत विल्किन्स होते. भाषा बुडाली, वर्गीकरण तरले.

मालकीचे खरे नाट्य घडले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. योहान मार्टिन श्लायर हे दक्षिण जर्मनीतले कॅथलिक धर्मगुरू. १८७९ मधल्या एका रात्री झोप येईना, तेव्हा जगासाठी एक भाषा करण्याची ईश्वरी आज्ञा झाली, असे ते सांगत. तिचे नाव व्होलापुक. ‘वर्ल्ड’चे ‘व्होल’ आणि ‘स्पीक’चे ‘पुक’ झाले, कारण चिनी माणसांना जड जाईल म्हणून श्लायर यांनी ‘र’ शक्यतो टाळला होता. दहा वर्षांत युरोपभर तिची मंडळे आणि नियतकालिके निघाली. १८८९ मध्ये पॅरिसला तिसरे संमेलन भरले, त्याचे कामकाज व्होलापुकमध्येच चालले. वाढपीसुद्धा तीच बोलत होते असे सांगतात. पण भाषा बोलणाऱ्यांना आता सुधारणा हव्या होत्या. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांच्या नेतृत्वाखालच्या व्होलापुक अकादमीला व्याकरण सोपे करायचे होते, आणि श्लायर नकाराधिकार सोडायला तयार नव्हते. भाषा माझी, शेवटचा शब्द माझा. अकादमीने ऐकले नाही, श्लायर यांनी आपली वेगळी अकादमी काढली आणि पाहता पाहता सगळा डोलारा कोसळला. न्यूरेंबर्गचे व्होलापुक मंडळ तर संमेलनाच्या आधीच, १८८८ च्या अखेरीस, नव्या भाषेकडे वळले होते.

ती नवी भाषा एस्पेरांतो. ब्यावस्तोक गावी जन्मलेल्या लुडविक झामेनहोफ या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ मध्ये वॉर्सात छोटे पुस्तक काढले. सोळा नियम, सुमारे नऊशे मूळशब्द. ‘बोना’ म्हणजे चांगला, त्याला ‘माल’ लावले की ‘मालबोना’, वाईट; पाठांतराचा भार तिथेच निम्मा. पण माझ्या मते झामेनहोफ यांची खरी करामत व्याकरणात नाही. त्याच पुस्तकात त्यांनी भाषेवरचे सगळे हक्क सोडले. १८९४ मध्ये सुधारणांचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी मतदान घेतले आणि बहुमताने बदल नाकारले, तेही मान्य केले. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन्य-स्यूर-मेर इथे पहिली जागतिक परिषद भरली. एस्पेरांतोचा कुणी मालक नाही, हे तिथे जाहीरनाम्यातच लिहिले गेले. पुढे आपल्याकडे विनोबा भावेही ती शिकले, शिकवायला युगोस्लाव प्रवासी-लेखक तिबोर सेकेल होते.

त्यानंतर भाषा रचणे जगाच्या उद्धारातून मोकळे झाले. जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३१ मध्ये एका व्याख्यानात हे आपले गुप्त व्यसन असल्याची कबुली दिली. लष्करी प्रशिक्षणातले कंटाळवाणे व्याख्यान चालू असताना शेजारचा एक सैनिक, आपण कर्मविभक्ती उपसर्गाने दाखवायची असे स्वतःशीच पुटपुटला, ही आठवण त्यांनी त्यात सांगितली. फिनिशच्या नादातून घडलेली क्वेन्या आणि वेल्शच्या वळणाची सिंदारिन ही त्यांची लाडकी अपत्ये. त्यांच्यासाठी त्यांनी जग उभारले, उलट नव्हे. मालकीचा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही, कारण बोलणारे सारे कल्पनेतले.

तो पुन्हा उद्भवला अमेरिकेत. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ पासून तर्कशास्त्रावर बेतलेली लोगलान रचायला घेतली आणि पुढे तिच्यावर आपल्या संस्थेचा हक्क सांगितला. वैतागलेल्या अनुयायांनी १९८७ मध्ये सवता सुभा मांडला. कटकट नको म्हणून त्यांनी हिंदीसह सहा मोठ्या भाषांच्या मिश्रणातून मूळशब्द नव्याने घडवले. ती लोजबान. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने ‘लोगलान’ या नावाचा ट्रेडमार्कही रद्द ठरवला.

आता चित्रपटांसाठी रचलेल्या भाषांकडे वळू. ‘बाहुबली’तल्या कालकेय टोळीची किलिकी मदन कार्की यांनी रचली, ती याच वाटेवरची. ‘स्टार ट्रेक’साठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ च्या चित्रपटात क्लिंगॉन उभी केली, पुढच्याच वर्षी तिचा कोश आला. तिच्यात मुद्दाम कर्म आधी, मग क्रियापद, शेवटी कर्ता. २०१५ च्या अखेरीस ‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेल्या पॅरामाउंट आणि सीबीएस यांनी चाहत्यांनी काढलेल्या एका चित्रपटावर दावा ठोकला, तेव्हा हक्काच्या यादीत क्लिंगॉन भाषाही होती. भाषा रचणाऱ्यांच्या संघटनेने कोर्टात म्हणणे मांडले, भाषा कुणाची मालमत्ता होत नाही, आणि त्या कागदात मधूनमधून क्लिंगॉन वाक्येच घातली. जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली, निकाल लागलाच नाही. दुसऱ्या वर्षी ड्युओलिंगोवर क्लिंगॉनचा कोर्स आला. कायदा काहीही म्हणो, नवा शब्द हवा असला की क्लिंगॉन बोलणारे आपल्या वार्षिक मेळाव्यात यादी करून ती ओक्रँड यांच्याकडे पाठवतात आणि त्यांनी दिला तरच शब्द खरा मानतात. श्लायर यांना भांडूनही जे मिळाले नाही, ते ओक्रँड यांना लोक आपणहून देतात.