बोलण्याचा हक्क आणि बोलून हाकलण्याची चाल

गटाच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी निघतो. संविधानाने सगळ्यांना बोलायची मोकळीक दिली, मग जातीवरून बोललं तर गुन्हा कसा? मोकळीक खरी की कायदा खरा? आज आम्ही याचा इतिहास सांगणार आहोत. सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून.

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. उद्घाटनाला इंग्रजीत लिहिणाऱ्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल येणार होत्या. इंग्रजी लेखिका नको, नाहीतर संमेलन उधळू, अशी धमकी आली आणि आयोजकांनी त्यांचं निमंत्रण रद्द केलं. कोणत्याही कोर्टाने त्यांना अडवलं नव्हतं. अडवलं ते भीतीने. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. सहगल यांचं लिहून तयार असलेलं भाषण मात्र मराठीत छापून गावोगाव पोचलं.

मग उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर संसार एकटीने ओढणारी ही बाई. शेतकरी विधवांच्या जगण्यावरच्या ‘तेरवं’ नाटकातही त्यांनी काम केलं होतं. मोठमोठ्या साहित्यिकांपुढे त्या आपल्या बोलीत बोलल्या. एका बाईचं बोलणं बंद झालं, दुसरीचं साऱ्या महाराष्ट्राने ऐकलं. दोन्ही गोष्टी एकाच मांडवातल्या.

बोलावून नंतर नको म्हणणं काही नवं नाही. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मजकूर वाचून मंडळी बिचकली. काही भाग काढा म्हणाली. बाबासाहेबांनी बदल करायला नकार दिला, तेव्हा परिषदच रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. तेच ‘जातिभेद निर्मूलन’ म्हणून आज घराघरात आहे. त्याही आधी, 1882 साली, आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. त्यावर इतकी टीका झाली की त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले.

यातून काय दिसतं? बोलण्याच्या स्वातंत्र्याची गरज सगळ्यात जास्त दबलेल्यांना असते. गावच्या पाटलाला कोणी गप्प बसवत नाही. म्हणून कोणी म्हणालं की हे स्वातंत्र्य शिकल्यासवरल्यांची चैन आहे, तर ते मानू नका.

आता दुसरी बाजू. संविधानाच्या कलम 19 ने बोलण्याचा हक्क दिला आणि त्याला वाजवी बंधनंही ठेवली. त्याच संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता संपवली. पण पाणवठ्यावर, शेतावर, रस्त्यावर जातीवरून होणारा अपमान थांबला नाही. म्हणून 1989 साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, ज्याला आपण ॲट्रॉसिटी म्हणतो. त्यातली अट नीट समजून घ्या. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाला, त्यात नसलेल्या कोणी, चारचौघांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी, मुद्दाम जातीवरून अपमानित केलं तर तो गुन्हा. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना झालेल्या बोलण्याला हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं. म्हणजे कायदा मत बांधत नाही. आरक्षण, धर्म, सरकार यांवर वाद घालायला मोकळीक आहे. चारचौघांत माणसाला माणसातून उठवणं, हे मत नव्हे.

महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदाही असाच. 3 जुलै 2017 पासून तो लागू आहे. जातपंचायत म्हणते, ‘या घराशी कोणी बोलायचं नाही, लग्नाला जायचं नाही.’ दिसायला हेही शब्दच. पण त्या शब्दांनी एका घराचं जगणं थांबतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

एक धोका मात्र ओळखा. ‘आमच्या भावना दुखावल्या’ ही ओरड वेगळी. 1987 साली राज्य सरकारने बाबासाहेबांचं हिंदू धर्मातील कोड्यांवरचं लिखाण छापलं, तेव्हा हीच ओरड करून एक प्रकरण वगळायची मागणी झाली. दलित समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा ते टिकलं. भावनांसाठी तोंड बंद करायची सवय लागली, तर पहिलं तोंड गरिबाचं बंद होतं.

आणि जिथे कायदा पोचत नाही, तिथे बोलणंच कामाला येतं. हळदीकुंकवाला विधवेला बोलवत नाहीत, यावर शिक्षा नाही. पण मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं.

तेव्हा मैत्रिणींनो, कोणाचं बोलणं खटकलं की दोन प्रश्न विचारा. हा माणूस आपलं मत सांगतोय, की कोणाला गावातून, पाण्यावरून, पंगतीतून उठवतोय? आणि ज्याला उठवलं जातंय, त्याला उलट बोलता येतंय का? मत असेल तर उत्तर द्या. उठवणं असेल तर साक्षीला उभ्या राहा, कारण चारचौघांत झालेल्या अपमानाला साक्ष चारचौघांचीच लागते. आणि पुढच्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडायचा असेल, तर तो गटातल्या एखाद्या विधवा बहिणीलाच मांडू द्या.