तळटीप : चिन्हयुक्त बाइटांची तुलना

जावाच्या ‘बाइट’ प्रकारात उणे १२८ ते १२७ एवढेच पूर्णांक मावतात. अशा दोन अ‍ॅरेंच्या तुलनेसाठी २०१७ मधील जावा ९ ने ‘अ‍ॅरेज.कंपेअर’ दिले. पहिला वेगळा घटक सापडला की त्यावरून निकाल लागतो. एक अ‍ॅरे जुळत जुळत संपला, तर आखूड तो आधी. मराठी मजकुरावर मात्र ही पद्धत फसते. ‘यूटीएफ-८’मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. त्यातला पहिला बाइट नेहमी २२४, आणि चिन्हयुक्त वाचनात तोच उणे ३२ होतो. बुलढाणा जिल्ह्यातील ‘हिवरा आश्रम’ हे गावाचे नाव आणि ‘हिवराळे’ हे आडनाव यांचे पहिले १५ बाइट सारखे आहेत. सोळाव्या जागी गावाच्या नावात मोकळी जागा, म्हणजे ३२. आडनावात उणे ३२. त्यामुळे ‘हिवराळे’ आधी लागते, आणि कोणत्याही नामसूचीत हा क्रम चूकच ठरेल. बाइट चिन्हरहित धरणारी ‘कंपेअरअनसाइन्ड’ ही पद्धत ३२ ची तुलना २२४ शी करते, म्हणून गाव आधी येते. दोन नावे एकच आहेत का, एवढेच पाहायचे असेल तर बाइटांच्या अधिक-उणे चिन्हाने काही बिघडत नाही. मात्र मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘ल’च्या लगेच पुढे; तिथे बाइटांची कोणतीही तुलना पुरत नाही, भाषेचे स्वतंत्र क्रमनियमच लागतात.