मोडीत काढण्यापूर्वी : डिशवॉशर, दुरुस्ती आणि एका प्रश्नाचा इतिहास

१/ डिशवॉशर बंद पडतो. तळाशी पाणी साचलेले असते, तंत्रज्ञ येऊन पंप गेल्याचे सांगतो आणि खर्चाचा आकडा ऐकून घरात चर्चा सुरू होते : दुरुस्त करावा की नवा घ्यावा? प्रश्न घरगुती वाटतो. परंतु त्याचे निम्मे उत्तर यंत्र घरात येण्यापूर्वीच ठरलेले असते. ते कोणी आणि कसे ठरवले, हा या धाग्याचा विषय आहे.

२/ प्रारंभीच एक विसंगती ध्यानात घ्यावी. डिशवॉशरचा जन्मच मुळी वस्तू टिकवण्यासाठी झाला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी जोसेफिन कॉक्रन नावाची सधन गृहिणी राहत असे. तिच्याकडे घराण्यात चालत आलेली चिनी मातीची मौल्यवान भांडी होती. नोकरांनी ती धुतली की त्यांचे टवके उडत, आणि स्वतः धुण्याचा तिला कंटाळा येई, असे सांगितले जाते.

३/ भांडी धुण्याचे यंत्र त्यापूर्वी कोणी कल्पिलेच नव्हते, असे नाही. १८५० साली जोएल हॉटन याने हाताने फिरवायच्या लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते. पण ते भांड्यांवर पाणी शिंपडण्यापलीकडे फारसे काही करीत नसे. कॉक्रनबाईंनी बश्या-पेल्यांच्या मापाचे तारेचे कप्पे केले, ते एका चाकावर बसवले आणि तांब्याच्या पात्रात साबणाच्या गरम पाण्याचा जोरदार मारा त्यांवर सोडला. भांडी जागच्या जागी घट्ट राहत आणि पाणी काम करी.

४/ १८८३ मध्ये पतीचे निधन झाले आणि मागे कर्ज उरले. घरापुरती सोय म्हणून सुचलेली कल्पना आता चरितार्थाचे साधन झाली. जॉर्ज बटर्स या कारागिराच्या साहाय्याने यंत्र उभे राहिले आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचे पेटंट मिळाले.

५/ यंत्र योजले होते गृहिणींसाठी. घेतले मात्र हॉटेलांनी. बहुतेक घरांत तेवढे गरम पाणी पुरवण्याची व्यवस्थाच नव्हती. शिकागोचे पामर हाऊस हॉटेल पहिल्या ग्राहकांपैकी एक. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात तिथल्या उपाहारगृहांनी ही यंत्रे वापरली आणि यंत्राला पारितोषिकही लाभले. त्या गौरवात यांत्रिक रचनेबरोबर ‘टिकाऊपणा’चा स्पष्ट उल्लेख होता. हा शब्द स्मरणात ठेवावा. पुढे तो हळूहळू नाहीसा होतो.

६/ कॉक्रनबाई १९१३ मध्ये निवर्तल्या. १९२६ साली त्यांची कंपनी होबार्टने घेतली आणि १९४९ मध्ये किचनएड या नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आला. ज्या काळात हे यंत्र हॉटेलातून घराकडे निघाले होते, त्याच काळात उद्योगजगतात एक निराळाच विचार आकार घेत होता : वस्तू फार टिकली, तर कारखान्याने करायचे काय?

७/ डिसेंबर १९२४. जिनिव्हा येथे जगातील प्रमुख विद्युत दिवे उत्पादक एकत्र आले. इतिहासात हा गट ‘फीबस कार्टेल’ म्हणून ओळखला जातो. दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणावे, असे त्यांनी ठरवले. तोवर दीड ते दोन हजार तास चालणारे दिवे बाजारात होते. ज्या सदस्याचे दिवे ठरल्यापेक्षा अधिक टिकत, त्याला दंड होई.

८/ येथे सावधगिरी हवी. तंतूचा दिवा दीर्घायुषी केला, तर त्याचा प्रकाश मंदावतो आणि तेवढ्याच विजेत उजेड कमी मिळतो. त्यामुळे १,००० तासांच्या मर्यादेमागे काही तांत्रिक तथ्यही होते. तथापि, अधिक टिकाऊ दिवा बनवणाऱ्याला दंड करणे, हे केवळ तंत्रज्ञानाचे गणित म्हणता येत नाही.

९/ १९३२ साली महामंदी ऐन भरात असताना न्यूयॉर्कमधील बर्नार्ड लंडन यांनी एक पुस्तिका लिहिली. त्यांचा तर्क असा : लोक वस्तू जुन्या झाल्या तरी वापरतात, म्हणून मागणी नाही, मागणी नाही, म्हणून रोजगार नाही. उपाय काय? प्रत्येक वस्तूचे आयुष्य सरकारने ठरवावे, मुदत संपताच ती जमा करून नष्ट करावी आणि जो तरीही वापरील, त्याच्याकडून कर घ्यावा!

१०/ सरकारने हे कधीच स्वीकारले नाही. सक्तीवाचून काम भागले. १९५४ मध्ये औद्योगिक रचनाकार ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी नियोजित कालबाह्यतेचा जो अर्थ सांगितला, त्यात वस्तू मुद्दाम कच्ची करणे नव्हते. ग्राहकाला गरजेपेक्षा थोडी आधी, थोडी नवी, थोडी सरस वस्तू हवीशी वाटावी, एवढेच त्यांना अभिप्रेत होते. जुनी वस्तू मोडावी लागत नाही. ती नकोशी झाली की पुरे.

११/ सगळा दोष कारस्थानावर टाकणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. कारखान्यात एक यंत्र बनवायला लागणारे श्रम दशकानुदशके घटत गेले. दुरुस्ती करणारा माणूस मात्र आजही एका वेळी एकाच घरी जातो, एकच यंत्र उघडतो. वस्तू स्वस्त होत गेली आणि तुलनेने दुरुस्ती महाग होत गेली. कोणी दुष्ट हेतू बाळगला नसता, तरी हे अंतर वाढलेच असते.

१२/ हे अंतर आपल्या भाषेतही दिसते. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार मोडीच्या, म्हणजे भंगार धातूच्या, व्यवहाराशी जोडलेला. तांब्या-पितळेचे भांडे पोचले तर ठोकून घेत, झिजले तर कल्हई लावत आणि अगदीच निकामी झाले, तर वजनावर मोड देऊन नवे घेत. तिथे मोडीलाही मोल होते, कारण धातू तोच राही. डिशवॉशरच्या मोडीत पत्रा, प्लास्टिक, रबर आणि सर्किट एकमेकांत गुंतलेले असतात. नव्या यंत्राच्या किमतीपुढे त्या मोडीचे मोल नगण्य ठरते.

१३/ त्यातच रचना बदलली. अनेक आधुनिक यंत्रांत पाणी फिरवणारा पंप आणि पाणी तापवणारा हीटर एकाच संचात असतात. हीटर बिघडला, तरी अख्खा संच बदलावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पाटीचेही बहुधा तसेच : एक लहानसा घटक जळतो आणि पूर्ण पाटीचे पैसे मोजावे लागतात. ‘नवाच घ्या’ हा सल्ला येथे जन्मतो.

१४/ याला उत्तर म्हणून कायदा पुढे आला. १ मार्च २०२१ पासून युरोपीय संघात डिशवॉशरसाठी नियम लागू झाले. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर मोटर, पंप, हीटर यांसारखे भाग व्यावसायिक दुरुस्तीकारांना किमान ७ वर्षे मिळाले पाहिजेत. दाराचे बिजागर व सील, फवारा-दांडे, गाळणी, आतले कप्पे असे भाग सामान्य ग्राहकालाही १० वर्षे उपलब्ध हवेत.

१५/ फ्रान्सने २०१५ मध्येच नियोजित कालबाह्यता हा गुन्हा ठरवला होता. पुढे वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे, याचे दहापैकी गुण दुकानात दाखवणे बंधनकारक झाले. २०२२ मध्ये डिशवॉशरही त्यात आला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार हमीकाळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती स्वीकारली, तर हमी एक वर्षाने वाढते.

१६/ भारतात २०२० च्या टाळेबंदीत घरकामाच्या मदतनीस येणे थांबले आणि अनेक शहरी घरांत डिशवॉशरचा विचार प्रथमच गंभीरपणे झाला. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केले. गृहोपयोगी वस्तू हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक. पोर्टल माहिती देते. सक्ती करीत नाही.

१७/ मग समोरच्या बंद यंत्राचे काय? गाळणी, पाणी घेणारा व्हॉल्व्ह, दाराचे सील किंवा पाणी उपसणारा पंप बिघडला असेल, तर दुरुस्ती बहुधा शहाणपणाची. आतली टाकीच गंजून गळू लागली असेल, तर नव्याचा विचार रास्त. यंत्र वयस्क असेल आणि खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्यापुढे जात असेल, तर थांबून हिशेब करावा. फार जुने यंत्र पाणी व वीज अधिक खाते, हेही त्या हिशेबात धरावे.

१८/ मात्र खरा निर्णय खरेदीच्या दिवशीच होतो. आपण दुकानात रंग, कप्पे आणि सवलत विचारतो. ‘याचा पंप सुटा मिळतो का? किती वर्षे मिळेल? हीटर वेगळा बदलता येतो का?’ हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. युरोपात ते प्रश्न ग्राहकांनी, दुरुस्तीकारांनी आणि चळवळींनी वर्षानुवर्षे लावून धरले, तेव्हा कुठे त्यांचे नियम झाले. आपल्याकडे ते विचारण्याची जागा तूर्त दुकानाचा काउंटर हीच आहे.

(समाप्त)