दोन पिनांवरचा भरवसा

डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ सालीच घेतले. पण त्यातील तांब्याचे पॅड कर्कश किंचाळत. १९५३ मध्ये जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर ल माँची शर्यत जिंकली, तेव्हा कुठे कारखानदारांचे लक्ष तिकडे वळले. पुढे दुतर्फा पिस्टनांऐवजी एकच पिस्टन आणि दोन पिनांवर सरकणारा कॅलिपर आला: स्वस्त, सुटसुटीत, घरीही उघडता येणारा. मेख मात्र त्या पिनांतच आहे. त्या गंजल्या की एकच पॅड झिजतो, आणि दिवे घाटातून हडपसरकडे उतरणारी गाडी ब्रेक दाबताच एका अंगाला ओढते. म्हणून घरी कॅलिपर खोलणाऱ्याने पिना घासून सिलिकॉन ग्रीस लावावे, पिस्टनचे सील नवेच घालावे. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल रबराला लागू देऊ नये. रबर फुगते आणि पिस्टन पुन्हा अडकतो.