काचपट्टीची साक्ष

क्षयरोगावरील औषधांच्या शोधाची कथा अनेकवार सांगितली गेली आहे. परंतु औषध घेत असलेला रोगी खरोखरच बरा होत आहे की नाही, हे ओळखावयाचे कसे, या प्रश्नालाही स्वतःचा इतिहास आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. वस्तुतः या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळेपर्यंत औषधांचे खरे मोलही कळले नव्हते. त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण भारतात, मद्रास शहरातील दाट वस्तीच्या गल्ल्यांतून लिहिले गेले.

क्षय या शब्दाचा अर्थच झिजणे असा आहे. आपल्या जुन्या वैद्यांनी त्याला राजयक्ष्मा म्हटले, तेव्हाही त्यांच्या नजरेसमोर झिजत जाणारा देहच होता. साहजिकच झीज थांबली, अंगावर मांस चढले, की रोग हटला, असे मानण्याची रूढी पडली. प्रभावी औषधे नव्हती त्या काळी मिरज, पाचगणी यांसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामांत रोग्याला मोकळी हवा, सकस आहार आणि संपूर्ण विश्रांती देत. सायंकाळचा ज्वर मोजावयाचा, ठरल्या दिवशी वजन करावयाचे, खोकला किती उणावला ते विचारावयाचे, असा तेथील क्रम असे. वजनाचा आकडा वर सरकला म्हणजे घरी आनंदाचे पत्र जाई. पुष्कळदा तो आनंद टिकत नसे. गावी परतलेला रोगी वर्षा-दोन वर्षांत पुन्हा अंथरुणाला खिळे.

दिनांक २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. पुढे झील आणि नील्सन या दोघा जर्मन संशोधकांच्या नावांनी ओळखली जाणारी रंजनपद्धती रूढ झाली. रोग्याच्या थुंकीचा, म्हणजे छातीतून आलेल्या बेडक्याचा, पातळ थर काचपट्टीवर पसरावयाचा, त्यावर तांबडा रंग ओतून तो तापवावयाचा, मग आम्लाने धुवावयाचा आणि शेवटी निळा रंग द्यावयाचा. इतर सर्व निळे होते, पण क्षयाचे जंतू आम्लालाही न जुमानता तांबडे राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या भूमीवर विखुरलेल्या त्या बारीक तांबड्या काड्या एकदा पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही. ही तपासणी स्वस्त आहे आणि साधी आहे. तिची मर्यादा एवढीच, की थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये काही हजार जंतू असल्यावाचून ते सहसा दिसत नाहीत. त्याहून थोडे असतील तर अंड्यापासून बनविलेल्या खाद्यावर त्यांचे संवर्धन करावे लागते आणि त्यासाठी कित्येक आठवडे वाट पाहावी लागते.

सुमारे साठ वर्षे या तपासणीचा मुख्य उपयोग रोगनिदानासाठीच झाला. उपचार चालू असताना ती पुन्हा पुन्हा करण्याचे महत्त्व पटले ते स्ट्रेप्टोमायसीनमुळे. अमेरिकेत १९४३ मध्ये हे औषध सापडले. १९४७ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याची पद्धतशीर परीक्षा आरंभली. औषध इतके दुर्मीळ होते, की सर्वांना देणे शक्यच नव्हते. म्हणून ५५ रोग्यांना विश्रांतीबरोबर औषध दिले आणि ५२ रोग्यांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १४. औषधाचा विजय निर्विवाद दिसत होता.

पण याच रोग्यांची थुंकी वरचेवर तपासली जात होती, आणि तिने वेगळीच हकीकत सांगितली. पहिल्या काही आठवड्यांत जंतू घटले, रोग्यांना हुशारी वाटली. नंतर अनेकांच्या थुंकीत जंतू पुन्हा वाढू लागले, आणि या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसीनची मात्रा चालेना. एकट्या औषधाने दुर्बळ जंतू मारले होते, आणि त्या औषधाला दाद न देणाऱ्या मूठभरांना रान मोकळे करून दिले होते. त्यावरूनच दोन औषधे एकदम देण्याची कल्पना दृढ झाली. स्ट्रेप्टोमायसीनच्या जोडीला पॅस हे औषध दिले असता प्रतिकारक जंतू क्वचितच माजतात, हे १९५० पर्यंत सिद्ध झाले. १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त व प्रभावी औषध हाती आले.

भारतापुढील प्रश्न मात्र निराळा होता. १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीने दाखवून दिले, की क्षय हा केवळ शहरांचा रोग नाही, तो खेडोपाडीही तितकाच पसरला आहे. रोग्यांची संख्या लाखांनी मोजावी लागत होती, आणि रुग्णालयांतील खाटा हजारांनी. प्रत्येकाला आरोग्यधामात ठेवावयाचे ठरविले असते तर बहुसंख्य रोगी वाट पाहतच मेले असते. मग त्यांना घरी ठेवून औषध दिले तर? तज्ज्ञांना दोन भये वाटत होती. कोंदट खोलीत, अपुऱ्या अन्नावर रोगी बरा होणार नाही, आणि त्याच खोलीतील मुलाबाळांना तो रोग देईल.

या प्रश्नाचा निर्णय लावण्यासाठी १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचे ते संयुक्त कार्य होते. त्याचे आरंभीचे नेतृत्व डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे होते. शहराच्या गरीब वस्तीतील १९३ रोगी या प्रयोगात घेण्यात आले. कोणी घरी राहावयाचे आणि कोणी आरोग्यधामात, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरविले गेले. दोघांनाही आयसोनियाझिड आणि पॅस ही तीच औषधे वर्षभर देण्यात आली, आणि दरमहा प्रत्येकाच्या थुंकीची तपासणी व संवर्धन करण्यात आले.

आरोग्यधामातील रोग्यांना चांगला आहार होता, पुरेशी विश्रांती होती, परिचारिकांची देखरेख होती. घरच्या रोग्यांना यांपैकी फारसे काही नव्हते. अपेक्षेप्रमाणे आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले. जुन्या रूढीने तराजूवर विसंबून निर्णय दिला असता तर घरच्या उपचारांचा पराभव झाला, असेच जाहीर झाले असते आणि भारतातील लक्षावधी रोग्यांचा मार्ग कदाचित तेथेच बंद पडला असता. पण निर्णय काचपट्टीवर आणि संवर्धनाच्या नळीत व्हावयाचा होता. वर्षाअखेर आरोग्यधामातील ९२ टक्के रोग्यांचा रोग जंतुपरीक्षेनुसार शमला होता, तर घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्क्यांचा. अंतर अगदी थोडे होते. पुढे पाच वर्षे दोन्ही गटांवर आणि त्यांच्या कुटुंबीयांवर लक्ष ठेवण्यात आले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या माणसांत रोगाचे प्रमाण अधिक आढळले नाही. संसर्गाचा मोठा धोका औषध सुरू होण्यापूर्वीच्या काळात असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

याचा अर्थ आहाराला महत्त्व नाही, असा मात्र नव्हे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, रोग्याच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण लक्षणीय उतरले. अन्न देहाला बळ देते आणि रोगापासून राखते. जंतू गेले की नाहीत, हे मात्र वजनाच्या काट्याला सांगता येत नाही.

मद्रासच्या केंद्राला आणखी एक गोष्ट उमगली. पॅस हे औषध मोठ्या मात्रेत घ्यावे लागे, आणि त्याने पोट बिघडे. दोन-तीन महिन्यांत ज्वर उतरला, खोकला थांबला, की रोग्याला ते नकोसे होई. रोजंदारीवर पोट असलेला माणूस कामाची वाट धरी. त्याची कबुली प्रामाणिक असेलच असे नाही. म्हणून कर्मचारी पूर्वसूचना न देता घरी जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवीचा नमुना घेऊन तीत औषधाचा अंश आहे की नाही ते पाहत. औषध शोधण्याइतकेच ते रोग्याच्या पोटात जाते की नाही हे पाहणेही कठीण आहे, हे फॉक्स यांनी १९५८ मध्येच मांडले होते. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत औषध देण्याच्या पुढील पद्धतीचे एक मूळ येथेच आहे.

औषध अर्धवट घेतल्यास काय होते, हे समजण्यासाठी बंगळूरजवळील खेड्यांचा अनुभव उपयोगी आहे. तेथे राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६१ ते १९६८ या काळात केलेल्या पाहणीत, संघटित उपचार मिळत नव्हते अशा परिस्थितीत, थुंकीत जंतू असलेल्या रोग्यांपैकी सुमारे निम्मे पाच वर्षांत दगावले, एक तृतीयांश आपोआप जंतुमुक्त झाले आणि उरलेले जंतू फैलावीत जगत राहिले. अपुरा उपचार या तिसऱ्या वर्गाची भरती करतो. तो मृत्यू टाळतो, पण रोग घालवीत नाही, आणि जंतूंना औषधाची सवय लावून देतो. अशा रोग्याला बरे वाटत असते. घरच्यांनाही तो बरा दिसतो. दोघांची चूक दाखविणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे काचपट्टी.

१९७० नंतरच्या दशकात रिफँपिसिनच्या साहाय्याने उपचार सहा महिन्यांवर आले, आणि दुसऱ्या महिन्याच्या अखेरची तपासणी महत्त्वाची ठरली. १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुधारित राष्ट्रीय कार्यक्रमाने ती नियमच करून टाकली. २०२० पासून ‘राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम’ या नावाने चालणाऱ्या आजच्या व्यवस्थेतही दुसऱ्या महिन्याच्या आणि उपचाराच्या अखेरीस थुंकी तपासली जाते. जंतू आढळले तर ते औषधाला जुमानतात की नाही, याची परीक्षा होते. निदानासाठी आता जंतूचे जनुकद्रव्य ओळखणारी शीघ्र यंत्रे आली आहेत. उपचारातील प्रगती मोजण्यास मात्र ती चालत नाहीत, कारण मेलेल्या जंतूंचेही जनुकद्रव्य त्यांना सापडते. तेथे कॉखच्या काळची ती रंगविलेली काचपट्टीच अजून कामास येते.

ही तपासणी केवळ रोग्याची परीक्षा पाहते, असे समजणे बरोबर नाही. दुसऱ्या महिन्यातही तांबड्या काड्या दिसल्या तर रोग्याने औषध चुकविले असेल, पण केंद्रात ते वेळेवर पोहोचले नसेल, मात्रा कमी पडली असेल किंवा जंतू मुळातच प्रतिकारक असतील, हेही तितकेच शक्य आहे. रोग्याला बोल लावण्यापूर्वी या सर्वांचा शोध घ्यावा लागतो. पुष्कळदा खोकला थांबल्यामुळे बेडका सुटत नाही, आणि रोगी नुसती लाळ आणून देतो. तीत जंतू न दिसणे ही रोगमुक्तीची खूण नव्हे. अशा वेळी सकाळी खोल श्वास घेऊन खोकावयास शिकविणारा कर्मचारी यंत्राइतकाच मोलाचा ठरतो.

उपचार संपल्यावरही दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत, रोग्याची विचारपूस करावी, असा आजचा दंडक आहे. तोपर्यंत रोगी आपल्या कामाधंद्यात रमलेला असतो, आणि दवाखान्याची पायरी पुन्हा चढणे त्याला नको वाटते. तरीही त्याने यावे, यासाठी कोणीतरी त्याच्या दारी जावे लागते. मद्रासच्या गल्ल्यांतून सत्तर वर्षांपूर्वी जे कर्मचारी हिंडत होते, ते याच कामासाठी. प्रयोगशाळेच्या वहीत ‘जंतू आढळले नाहीत’ एवढीच नोंद होते. परंतु ती खरी ठरावी, यासाठी रोग्याला सहा महिने औषध घ्यावे लागते, आणि व्यवस्थेला सहा महिने ते चुकू न देता पुरवावे लागते.