पानांची गाठ : एका नावाचा घोटाळा

बर्लिनचे शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ साली गाठींच्या सूक्ष्म रचनेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पेशीसिद्धान्ताचे श्वान तेव्हा त्यांच्याच हाताखाली काम करीत. या ग्रंथात स्तनातील एका दुर्मीळ गाठीचे वर्णन आहे. कोबीचा गड्डा मधोमध कापला की पानांच्या घड्या दिसतात, तशी ही गाठ आतून दिसते. म्हणून 'पान' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून म्युलर यांनी तिला 'सिस्टोसार्कोमा फायलोड्स' म्हटले. सार्कोमा म्हणजे त्यांच्या लेखी नुसती 'मांसल'. गाठ निरुपद्रवी आहे, असेच त्यांचे मत होते.

पुढे सार्कोमा या शब्दाला कर्करोगाचा अर्थ चिकटला आणि घोटाळा झाला. साध्या गाठीसाठीही सबंध स्तन काढला जाई. उलट, विसाव्या शतकात यांपैकी काही गाठी खरोखरच फुप्फुसापर्यंत पसरलेल्या आढळल्या! अखेर १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'फायलोड्स गाठ' एवढेच नाव स्वीकारले. आता तिचे सौम्य, सीमारेषेवरील आणि मारक असे तीन वर्ग मानतात.

वर्ग ठरवायचा कसा? या गाठीत नलिकांचे अस्तर आणि त्याभोवतीची संयोजी ऊती अशा दोन्ही पेशी असतात. संयोजी ऊती वाढून नलिकांत घुसते, त्यामुळे पाने दिसतात. तिच्या पेशी किती दाट आहेत, किती विभागत आहेत आणि गाठीची कड कशी आहे, हे पाहावे लागते. बारीक सुईने ओढलेल्या थोड्या पेशींवरून हे सहसा कळत नाही. त्यामुळे तरुण मुलींत नेहमी आढळणाऱ्या फायब्रोॲडिनोमाशी तिची गल्लत होते. चाळिशीच्या सुमारास काही महिन्यांत झपाट्याने वाढलेली, न दुखणारी गाठ मात्र संशयास्पद मानावी.

फायब्रोॲडिनोमा शेंगेतल्या दाण्यासारखा सोलून काढता येतो. फायलोड्स तशी काढली तर तिचे कोंब मागे राहतात आणि ती त्याच जागी परत येते. म्हणून भोवतीच्या निरोगी भागासह ती कापतात. काखेतील गाठींत ती क्वचितच पसरते, तेव्हा काख साफ करण्याची सहसा गरज नसते.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील प्रयोगशाळेची धुरा घेतली. भिवंडीहून ते अवघ्या चाळीसएक किलोमीटरवर आहे. पण यंत्रमागांच्या गल्लीतली बाई आधी जवळच्याच दवाखान्यात जाणार, आणि त्यात वावगे काही नाही, असे आम्हांला वाटते. मात्र तेथे काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तपासणीस पाठवली नसेल, तर ती परत उद्भवल्यावर पहिली गाठ कोणती होती, हे परळच्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही.